आठवड्याला बारा डोळे

सरकारी इस्पितळाच्या नेत्र विभागात आठवड्याला बारा डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हायची. मंगळवारी सहा, शुक्रवारी सहा. डोळे बारा आणि वाट बघणारे चारशेच्या वर, त्यामुळे कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर हे लिहिणारा माणूस सुरी धरणाऱ्या डॉक्टरीणबाईंपेक्षा भारी ठरला तर त्यात नवल नव्हतं. हा माणूस चौदा नंबरच्या खोलीत बसायचा. हुद्दा यादी-कारकून, वय बावन्न, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके. इस्पितळात त्याला सगळे पेन्सिल म्हणायचे.

कारण रजिस्टरातला तारखेचा रकाना तो पेन्सिलीने भरायचा. नाव, वय, कोणता डोळा हे सगळं शाईने, तारीख तेवढी पेन्सिलीने. ही त्याची लहर नव्हती. आधीच्या कारकुनाने खुर्ची सोडताना चावीबरोबर दिलेली ती शिकवण होती. "मोतीबिंदूची माणसं म्हातारी असतात," तो म्हणाला होता, "आज साखर वाढली, उद्या खोकला झाला, कोणी आदल्या दिवशी घाबरून पाहुण्यांकडे पळून जातो. शाईने लिहिशील तर रजिस्टर उधारीच्या वहीसारखं दिसेल." सल्ला रास्त होता. पहिली दोन वर्षं पेन्सिलीने लिहून पुसलेली प्रत्येक तारीख खरोखरच कोणाच्या तरी खोकल्यापायी पुसलेली होती.

पेन्सिलला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. तो पैशाला हात लावायचा नाही. एक्स-रेवाल्याचा दर ठरलेला, स्ट्रेचर ढकलणाऱ्याचा ठरलेला, दाखल्यावर शिक्का मारणारा तर सुट्टे नसतील तर थांबायचाही. चौदा नंबरच्या खिडकीतून मात्र एक नोट आत आली नव्हती. घरी बायकोही चार बायकांत सांगायची, आमच्या यांना तसलं जमत नाही. आणि ते खोटं नव्हतं. तो पैसे घ्यायचा नाही, माणसं घ्यायचा. वीज कचेरीतल्या साहेबांचे सासरे चार आठवडे वर सरकले आणि दुसऱ्या दिवशी घराचा मीटर बदलून मिळाला. शाळेच्या मुख्याध्यापकांची आत्या वर सरकली आणि मुलाचा प्रवेश झाला. याला तो लाच म्हणत नसे. माणसाने माणसाला धरून राहायला नको का, असं म्हणायचा.

आता हिशेब असा की, बारा जागांत एक नाव वर चढलं की एक खाली उतरतं. कोणाचं उतरवायचं? यातही त्याची एक पद्धत होती. खिडकीवर भांडणारा नको. ज्याचा पुतण्या तक्रारअर्ज लिहितो तो नको. रडणारी बाई तर अजिबात नको, तिचं रडणं दुपारचा डबा खाताना आठवतं. उरतं कोण? जो "बरं" म्हणून घरी जातो तो. आणि साऱ्या यादीत सगळ्यात सरळपणे "बरं" म्हणणारं माणूस होतं मावशी.

मावशी त्याच्या जुन्या गल्लीतली शिवणकाम करणारी. त्याच्या आईची मैत्रीण. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती तेव्हा दुपारचा भात मावशीच्या घरून यायचा. त्याचा शाळेचा गणवेश ती शिवायची आणि आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायची, दर वर्षी थोडं उसवून सोडायला. भावंडांत तो सर्वांत लहान म्हणून ती त्याला धाकट्या म्हणायची. बावन्नाव्या वर्षी, टक्कल पडल्यावर, खिडकीवर चाळीस माणसं ताटकळत असतानाही धाकट्याच म्हणायची.

अकरा महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा आली.

"धाकट्या, सुईत दोरा जाईना रे. आधी वाटलं दुकानदाराने जाड दोरा दिला. दोनदा भांडून आले त्याच्याशी."

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे मावशी. उजव्यात जास्त. नाव घालतो. तीन-चार महिने लागतील."

"लागू देत की. लेक म्हणते खासगीत कर, मी पाठवते पैसे. मी म्हटलं, तुझ्या संसाराला ठेव ते. इथे यादी आहे, आणि यादीवर आपला माणूस बसलाय." मग खिडकीजवळ तोंड आणून ती हळूच म्हणाली, "पण ऐक, माझ्यासाठी वशिला नको हं लावूस. माझा जो नंबर असेल तो."

"नाही लावत," तो हसून म्हणाला.

हा शब्द मात्र त्याने पुरेपूर पाळला.

मावशीने गल्लीत जाऊन सांगितलं, सरकारी यादी म्हणजे काटेकोर काम, उगाच घाबरता. तिच्या भरवशावर दूधवाल्याची आई नाव घालून आली, निवृत्त कंडक्टर नाव घालून आला. कंडक्टर जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं तपासलेला माणूस, सहज विश्वास ठेवणारा नव्हे. पण तोही म्हणाला, मावशी म्हणते तर असेल.

चौथ्या महिन्यात मावशीला तारीख मिळाली. लेक रजा काढून रात्रभर प्रवास करून आली, आणि आदल्या दिवशी निरोप गेला की यंत्र बंद पडलंय. यंत्र ठणठणीत होतं. औषध खरेदीच्या साहेबांचा मेहुणा तेवढा वर चढला होता. पुढच्या खेपेला डोळ्यात बसवायची भिंगं संपली. त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई रजेवर गेल्या. त्या बिचाऱ्या त्या दिवशी सकाळी सातपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या होत्या. लेक दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा तिने सांगितलं, आई, नक्की झालं की कळव.

"भिंगं संपली म्हणे," मावशी गल्लीत सांगायची. "सरकार तरी किती पुरवणार? माझ्यापेक्षा अडलेले असतील कोणी. त्यांचं होऊ दे."

आणि इकडे तिचं काम एकेक पायरी खाली येत होतं. आधी काजं सोडली. मग गळे सोडले. मग उशांचे अभ्रे आणि पडदे, सरळ शिवणीचं काम, तेही बोटांनी चाचपून. मधून मधून उजवं कपाळ ठणकायचं. मशीनवर वाकून बसल्याने होत असेल म्हणून ती कपाळाला फडकं बांधायची.

पेन्सिलच्या बायकोने एकदा विषय काढला.

"अहो, मावशींचं काय झालं?"

"होईल."

"माझ्या भावाच्या साहेबांच्या आईचं आठ दिवसांत झालं."

"ते वेगळं. ते लोक तमाशा करतात. मावशी आपली आहे, समजून घेते."

"आपली आहे म्हणून मागे?"

त्याने चहा मागितला. बायकोनेही पुढे ताणलं नाही, कारण भावाची बढती त्याच महिन्यात झाली होती.

त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. दर वेळी तारीख पुसताना तो मनाशी म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. पेन्सिलीचा गुणच असा की पुसताना काही तुटल्यासारखं वाटत नाही. मोतीबिंदू काय, पळून जातोय थोडाच, वीसेक दिवस मागे गेला तर काय बिघडतं? नऊ वेळा त्याने असाच विचार केला. नऊ वेळांची बेरीज मात्र कधी केली नाही.

अकराव्या महिन्यात मावशी फेरतपासणीला आली ती दूधवाल्याच्या आईचा हात धरून. दोघींनाही कमीच दिसत होतं, दोघी मिळून कशाबशा पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, बाहेर बाकावर बसवलं आणि पेन्सिलला आत बोलावून दार लोटलं.

"या पहिल्यांदा कधी आल्या होत्या?"

"झाले अकरा महिने."

"मोतीबिंदू पिकून फुगला. आतला दाब वाढला आणि नस गेली. उजव्या डोळ्याला आता बॅटरीचा उजेडही कळत नाही."

"शस्त्रक्रिया केली तर..."

"कशाची करू? उजवा गेला. डावा त्याच वाटेवर आहे, या शुक्रवारी घ्या. बुधवारपासून थेंब सुरू करायचे, दिवसातून चार वेळा. थेंब पडले नाहीत तर मी सुरी लावणार नाही, जंतू गेले तर तोही घालवून बसेन. आणि सोबत घरचं माणूस पाहिजे." मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "यादी तुमच्याकडे असते ना?"

त्याच्या जिभेवर आलं होतं की बाई, 'कृपया पाहावे' लिहिलेल्या तुमच्याही चार चिठ्ठ्या माझ्या खणात आहेत. पण चार तुमच्या आणि पाच माझ्या, अशी वाटणी करून गेलेला डोळा परत येणार नव्हता.

चौदा नंबरमध्ये येऊन त्याने रजिस्टर उघडलं आणि मावशीच्या ओळीत शुक्रवारची तारीख लिहिली. शाईने. अठरा वर्षांत पहिल्यांदा. वरून कोणाचाही फोन येवो, ही तारीख आता हलणार नव्हती. मग मावशीला आत घेतलं. उजव्या डोळ्याचं त्याने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सांगितलं, फक्त "अकरा महिने" हे शब्द वगळून. तिने डाव्या डोळ्यावर तळहात धरून पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं दिवा त्या बाजूला नाही."

"डावा शुक्रवारी. अगदी नक्की. तारखेच्या पुढे सही कर."

"ओळ दाखव."

त्याने तिचा उजवा हात धरून पेन टेकवलं. तिने सवयीने डावा हात कागदावर फिरवला, कापडावर शिवण शोधावी तसा. बोटं तारखेच्या रकान्यावर आली आणि थांबली. मागेपुढे झाली. पुन्हा थांबली.

"इथे कागद विरलाय रे."

"जुनं रजिस्टर आहे मावशी."

तिचं बोट वरच्या ओळीवर गेलं, मग खालच्या. "वरचा चांगला आहे. खालचाही चांगला आहे." बोट परत जागेवर आलं. पन्नास वर्षं कापड चाचपलेलं बोट होतं ते, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. "एकाच जागी पुन्हा पुन्हा उसवलं की असं होतं. किती वेळा खोडलंस?"

"अगं, यंत्र बंद होतं, मग भिंगं..."

"वरच्यांना नव्हतं बंद?"

खिडकीबाहेर कोणीतरी नंबर विचारत होतं. पेन्सिलने त्याला थांबायला सांगितलं, गरजेपेक्षा जरा मोठ्याने. पुन्हा वळला तेव्हा मावशीने सही करून टाकली होती. सही ओळीबाहेर गेली होती. तिने डॉक्टरीणबाईंनी दिलेली थेंबांची बाटली पिशवीत टाकली, दूधवाल्याच्या आईचा दंड धरला आणि "येते" म्हणाली. धाकट्या म्हणाली नाही. त्याने मनाची समजूत घातली की घाईत राहिलं असेल.

बुधवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तो जुन्या गल्लीत गेला. थेंब सुरू झाले का, लेक निघाली का, एवढं विचारून यायचं. गल्लीच्या तोंडाशी कंडक्टर भेटला. त्याने मान हलवली, पण नेहमीसारखं थांबवलं नाही. चालता चालता म्हणाला, "माझं नाव काढून टाका यादीतून. कर्ज काढलंय, खासगीत करतोय. आईसाठी दूधवालाही पैसे जमवतोय."

मावशीची खोली तशीच होती, खिडकीखाली मशीन, भिंतीवर कागदी मापं टांगलेली. मशीनवर चादर घातली होती. त्याची चाहूल लागताच ती उठली, खुर्चीवरून फडकं फिरवलं.

"कोण? या साहेब. बसा."

"मावशी, थट्टा करतेस का माझी?"

"थट्टा कशाला? माझंच चुकत होतं. एवढ्या जागेवरच्या माणसाला मी चारचौघांत अरेतुरे करत होते. तुम्हालाही अवघडल्यासारखं होत असणार."

आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ही तर नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी नीट बोलत होती.

"थेंब सुरू केलेस?"

"नाही अजून. बाटली एकदा फोडली की महिनाभरच चालते म्हणे. तारीख पक्की झाली की फोडू."

"पक्की आहे गं. लेक कधी निघतेय?"

"तिला कळवलं नाही. दोनदा रजा फुकट गेली तिची. आता तिसऱ्यांदा तिला तोंडघशी नाही पाडायचं." असं म्हणून ती मशीनपाशी गेली, चाचपून खण उघडला आणि त्यातून एक लहान कापडी पिशवी काढून त्याच्यासमोर धरली. तोंडाशी नाडी ओवलेली होती. शिवण थोडी वाकडी होती.

"हे काय?"

"पाच हजार आहेत. मोजून घ्या, मला नोटा नीट दिसत नाहीत. कंडक्टरने चौकशी करून सांगितलं, डोळ्याला पाच चालतात."

"मावशी, मी पैसे घेत नाही. कोणाकडूनच नाही. तुला माहीत आहे."

"हो. तेच तर गल्लीभर सांगत होते मी."

तिने पिशवी तशीच धरून ठेवली. हात मागे जात नव्हता.

"कमी आहेत का?"

"कमी-जास्तचा प्रश्न नाही. शुक्रवारची तारीख मी शाईने लिहिलीय. शाईने. आता ती कोणी पुसू शकत नाही, मी सुद्धा नाही."

"मला काय दिसणार शाई आहे की काय आहे," ती म्हणाली. तिने पुन्हा खणात हात घातला आणि आणखी दोन नोटा काढल्या. "हे धरा. मशीन बघायला एक जण येऊन गेलाय, उद्या नेईल. ते आले की आणखी देते. एक डोळा राहिला तरी शिवण आता जमायचं नाही, कशाला ठेवू?"

"मशीन नको विकूस. परवा दिसायला लागेल तुला."

"तारीख खरी असेल तर दिसेल." ती खाली बसली. "साहेब, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला कोणाला नावं नाही ठेवायची. फुकटवाल्यांचा नंबर शेवटी असतो, एवढंच मला वेळेवर कळलं नाही. आधी कळलं असतं तर आधीच आणून दिले असते. लेक देत होती की. मीच मोठी शहाणी."

पेन्सिलने अठरा वर्षं यादी सांभाळली होती, आकडेमोड त्याला बसल्या जागी यायची. पैसे नाकारले, तर तिच्या लेखी तारीख खोटी. तारीख खोटी म्हणजे बाटली फुटणार नाही, लेक येणार नाही, शुक्रवारी एक टेबल रिकामं राहील आणि डावा डोळा उजव्याच्या वाटेने जाईल. पैसे घेतले, तर सगळं जागच्या जागी बसेल. लेकीच्या हाती नंतर परत पाठवता येतील, असंही मनात आलं. पण परत आलेल्या पैशांचा मावशी काय अर्थ लावेल? दुसऱ्या कोणी जास्त दिले, एवढाच लावेल आणि पट्टी सुटेपर्यंत धास्तीत राहील. आणि पट्टी सुटल्यावर परत केले, तर काम झाल्यावरची दया म्हणेल. खरं सांगून तिला पटवता येईल असा एकही शब्द त्याच्यापाशी शिल्लक नव्हता. होते तेवढे सगळे त्याने यंत्र, भिंगं आणि रजा यांवर खर्च केले होते.

त्याने हात पुढे केला. पिशवी हातात आली ती अगदी हलकी होती. दोन सुट्या नोटाही त्याने घेतल्या, त्या नाकारल्या असत्या तरी ती संशयात पडली असती.

मावशीचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांत त्याने तिला असं निवांत पाहिलं नव्हतं.

"झालं म्हणायचं मग," ती म्हणाली. "आता तेवढी बाटली फोडून द्याल? कोणत्या बाजूने फिरवायची ते दिसत नाही मला."

त्याने बाटली फोडली. तिने मान मागे टाकली आणि त्याने डाव्या डोळ्यात एक थेंब सोडला. थोडा गालावर ओघळला, तो तिने मनगटाने पुसला. मग फोन त्याच्या हातात देऊन लेकीचा नंबर लावायला सांगितला.

पलीकडून लेकीचा आवाज मोठ्याने येत होता. पुन्हा तसंच झालं तर, असं ती विचारत होती. रजा मिळत नाही आई, नक्की सांग, धाकटादादाच बोललाय का तुझ्याशी?

"हो, तेच," मावशी म्हणाली. "इथेच बसलेत. नाही गं, या वेळी नाही व्हायचं तसं. अगं, घेतले त्यांनी. म्हणून तर सांगतेय, ये."